पार्ट बंद झालाय म्हणे! जुन्या एक्स्कॅव्हेटरवाल्यांचे प्रश्न आणि उत्तरं

जुनी एक्स्कॅव्हेटर परत उभी करणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते, ते ढिगाने आले, आणि बहुतेकांत तेच एक वाक्य आहे, "डीलर म्हणतो पार्ट बंद झालाय". म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय, बाकीची त्या मानाने आटोपशीर आहेत. एक विनंती, पुढच्या वेळी मशीनचं मॉडेल, सिरीयल नंबर आणि पार्टचा फोटो पाठवा, फोटोत शेजारी व्हर्नियर किंवा साधी पट्टी ठेवली तर फारच बरं. नुसतं "पोकलेन आहे, पंप पाहिजे" एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही हो.

प्रश्न : सर, नव्वदच्या दशकातली वीस टनी मशीन घेतलीय. बूम आणि आर्म (मशीनच्या हाताचा मागचा आणि पुढचा भाग) मशीन गरम झाल्यावर एकदम मंद होतात. मेन पंपाच्या बॉडीवर जो नंबर आहे तो डीलरला दिला तर त्याच्या सिस्टीममध्ये येतच नाही, आणि दुसरा एकजण सरळ म्हणाला हा पंप बंद झालाय. नवीन पंप टाकायचा तर मशीनपेक्षा पंप महाग. काय करू?

उत्तर : आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. नंबर सिस्टीममध्ये येत नाही ही एक, आणि नंबर येतो पण पुढे "बंद" दाखवतो ही दुसरी. तुमच्या पहिल्या डीलरचं ऐकून मला दाट शंका आहे की तुम्ही त्याला कास्टिंग नंबर दिलात. बॉडीवर जे उठलेले आकडे असतात ते ओतकामाच्या साच्याचे असतात, त्याच साच्यातून निघालेल्या बॉडीवर पुढे वेगवेगळं मशीनिंग होऊन तिचे दोन-चार वेगळे पार्ट होऊ शकतात, त्यामुळे तो नंबर घालून कुठल्याच कॉम्प्युटरात काही निघत नाही. खरा नंबर पार्ट्स बुकात. आणि पार्ट्स बुक बघायला मशीनचा सिरीयल नंबर लागतोच, कारण एकाच मॉडेलमध्ये अमुक सिरीयलपर्यंत एक पंप आणि तिथून पुढे दुसरा असं सर्रास असतं. प्लेट उडालेली असेल तर फ्रेमवर पंच केलेला नंबर शोधा, बहुतेक वेळा रंगाचे थर आणि वाळलेलं ग्रीस यांच्या खाली दडलेला असतो, घाई न करता वायर ब्रश मारा, ग्राइंडर नको, आकडेच निघून जातील.

पार्ट नंबर हातात आला की डीलरला "हा आहे का" असं विचारूच नका, "ह्याचा सुपरसीड काय आहे" असं विचारा. कंपन्या पार्टमध्ये बारीक सुधारणा करून नवीन नंबर देतात, मग त्यालाही पुढचा नंबर येतो, अशी साखळी असते आणि काउंटरवरच्या माणसाला कंटाळा आला तर तो पहिल्या कडीवर थांबून बंद म्हणून सांगतो. शेवटची कडीसुद्धा बंद असेल तर मग खरा शोध सुरू.

आणि इथेच मला सगळ्यांना सांगायचंय ते सांगतो. मशीन कंपनी मशीनमधले सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. पंप, स्विंग मोटर (मशीनचं वरचं धड फिरवणारी), बेअरिंग, ऑइल सील, कपलिंग, फिल्टर, अल्टरनेटर हे बाहेरच्या कंपन्यांकडून येतं आणि मशीनवाला त्यावर आपला नंबर लावतो. बंद झालेला असतो तो हा लावलेला नंबर. पार्ट बनवणाऱ्याच्या यादीत तो त्याच्या स्वतःच्या नावाने अजून जिवंत असू शकतो. म्हणून पंपावरची छोटी अॅल्युमिनियमची पट्टी रॉकेलने पुसून वाचा. समजा तिथे कावासाकी के३व्ही११२डीटी लिहिलंय, तर त्यातच सगळं आलं, एका फेऱ्याला ११२ सीसी तेल देणारे दोन पंप एकाच शाफ्टवर एकामागे एक. हा पंप कितीतरी कंपन्यांच्या मशिनींत बसलेला आहे, त्यामुळे आतला माल, म्हणजे बॅरल, पिस्टन-शू, व्हॉल्व्ह प्लेट, शू प्लेट हे रिपेअर सेट म्हणून वेगळं मिळतं आणि पूर्ण पंप घ्यायची वेळ बहुतेकदा येतच नाही. फक्त एक लक्षात ठेवा, पंप तोच असला तरी त्याच्यावर बसणारा रेग्युलेटर, म्हणजे पंपाने किती तेल द्यायचं ते ठरवणारा भाग, प्रत्येक मशीनवाल्याने आपल्याला हवा तसा करून घेतलेला असतो, म्हणून दुसऱ्या मशीनचा जुना पंप घेतलाच तर फिरण्याची दिशा जुळवून बघा आणि आपला रेग्युलेटर काढून त्याच्यावर चढवा.

पण मुळात पंप गेलाय हे ठरवलं कुणी? तेल गरम झाल्यावर मंद होणं म्हणजे आतून गळती हे खरं, पण गळती पंपात असेल, मेन रिलीफमध्ये (जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) असेल, किंवा पायलटचं, म्हणजे लिव्हरच्या हुकमाने मोठे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या तेलाचं, प्रेशरच कमी असेल. एकच हालचाल मंद असती तर तो जॅक (हायड्रॉलिक सिलिंडर) किंवा त्याचा स्पूल (त्याला तेल सोडणारा व्हॉल्व्हमधला दांडा) आधी बघितला असता, तुमच्या दोन्ही मंद आहेत म्हणून आधी गेज लावून पायलट आणि मेन प्रेशर बघा, मग पंपाची केस ड्रेन लाइन (पंपाच्या आत गळलेलं तेल टाकीकडे नेणारी नळी) सोडून तेल गरम असताना मिनिटाला किती तेल येतं ते मोजा आणि शॉप मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. ड्रेन लाइन मोजताना तोंड उघडंच ठेवायचं, बूच मारायचं नाही, नाहीतर केसमध्ये प्रेशर चढून शाफ्टचं सील बाहेर येतं.

जाता जाता, नंबर वाचायला शिकलात तर निम्मी वणवण वाचेल. कोमात्सुच्या बुकात ०१०१०-८१२४० दिसलं तर तो १२ एमएमचा ४० लांबीचा साधा बोल्ट आहे, तो कोमात्सुच्या पिशवीतूनच घ्यावा असं काही नाही, ग्रेड जुळवा की झालं. बेअरिंगवर ६२०५ असेल तर शेवटच्या ०५ ला पाचने गुणा, आतलं भोक २५ एमएम, बाहेरून ५२, जाडी १५, जगात कुठेही हेच. ऑइल सीलवर टीसी ५० ७२ १० म्हणजे शाफ्ट ५०, घर ७२, जाडी १०. असे पार्ट कधी बंद होत नसतात.

प्रश्न : माझ्याकडे खरीखुरी पोक्लेन कंपनीची जुनी मशीन आहे, हवेवर थंड होणारं ड्यूट्झ इंजिन. कंपनीच राहिली नाही तर पार्ट मागायचे कुणाकडे?

उत्तर : कंपनी गेली तरी तिला वारस असतो, आधी वारस शोधा. पोक्लेनमध्ये १९७७ साली अमेरिकेच्या केस कंपनीने ४० टक्के हिस्सा घेतला आणि पुढे एक्स्कॅव्हेटरचा सगळा धंदाच केसकडे गेला, म्हणून जुन्या पोक्लेनचे पार्ट केसच्या डीलरकडे विचारायचे. हायड्रॉलिक मोटर बनवणारी शाखा मात्र पोक्लेन हायड्रॉलिक्स या नावाने फ्रान्समध्ये अजून चालू आहे, व्हील मोटरचा प्रश्न असेल तर तिकडे. ज्यांच्याकडे दुसऱ्या मशिनी आहेत त्यांनी हेही लिहून ठेवा : स्वीडनची ओकरमन १९९१ मध्ये व्होल्वोकडे गेली, सॅमसंगची एक्स्कॅव्हेटर १९९८ मध्ये पुन्हा व्होल्वोकडेच, देवूची २००५ मध्ये डूसान झाली आणि २०२३ पासून तिचं नाव डेव्हेलॉन आहे, ब्युसायरस २०११ मध्ये कॅटरपिलरने घेतली. वारसाच्या गोडाऊनमध्ये तुमचा पार्ट असेलच असं नाही, पण जुने नंबर नव्या नंबरांना जोडणाऱ्या याद्या त्यांच्याकडे असतात आणि आपल्याला खरी तीच हवी असते.

इंजिनची तर तुम्ही काळजीच सोडा. एफ६एल९१२ असेल ना? ह्या ९१२ सिरीजची इंजिनं ट्रॅक्टर, जनरेटर, कॉम्प्रेसर, कशाकशात बसलीत, बोअर १००, स्ट्रोक १२०, आणि प्रत्येक सिलिंडरचं बॅरल वेगळं, हेडही वेगळं, म्हणजे एकच सिलिंडर खराब असेल तर तेवढाच उतरवून काम होतं. कूलिंगच्या पंखांमध्ये तेल आणि माती बसून जो चिखलाचा थर होतो तो आधी काढा, आणि ब्लोअरचे पत्रे कुणी "नडतात" म्हणून काढून ठेवले असतील तर ते परत बसवा, त्या पत्र्यांशिवाय हवा सिलिंडरांवर जातच नाही. इसुझू ६बीडी१, पर्किन्स ६.३५४ वाल्यांनाही हेच लागू, एक्स्कॅव्हेटर दुर्मिळ असेल पण त्याचं इंजिन दुर्मिळ नसतं. पार्ट मागताना मशीनचं नाव घेऊच नका, इंजिनचा नंबर सांगा.

प्रश्न : नवीन होज, नवीन फिटिंग, टेफ्लॉन टेपचा अख्खा रोल संपवला तरी जॉइंट गळतोच. दोन-तीन आटे छान बसतात मग घट्ट होतं.

उत्तर : छान बसत नाहीयेत, फसवतायत. अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे) आणि अर्धा इंच एनपीटी (अमेरिकन पाइप आटे) दोन्हीला इंचाला १४ आटे आहेत, पाऊण इंचालाही तेच, म्हणून एकमेकांत सुरुवातीला बिनबोभाट जातात, पण बीएसपीचा आटा ५५ अंशांचा आणि एनपीटीचा ६०, शिवाय एनपीटी निमुळता. टेपने हे मिटत नाही आणि टेपचे तुकडे पुढे जाऊन पायलट व्हॉल्व्ह जाम करतात ते वेगळंच, हायड्रॉलिकमध्ये टेप मुळीच नको. आट्यांचा गेज घ्या आणि शंकूचा कोनही बघा. अमेरिकन जेआयसीचा शंकू ३७ अंशांचा, जपानी मशिनींचा साधारण ३० चा, युरोपियन मेट्रिक पाइपचा २४ चा, दिसायला सगळे भावंडं. आणि मशीन जुनी ब्रिटिश असेल तर बोल्टसुद्धा तपासा. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने सामाईक आट्यांचा करार केला तो १९४८ मध्ये, त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही बऱ्याच वर्षांच्या ब्रिटिश मशिनींत व्हिटवर्थ (जुने ब्रिटिश) आटे सापडतात. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आटे, यूएनसीचे (नव्या सामाईक पद्धतीचे) १३, पान्याचा जोर लावला की दोन्हीची वाट.

गळती शोधताना हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. बारीक भोकातून प्रेशरने येणारं तेल कातडीत शिरतं, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत हात सडतो, असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : बकेट आणि आर्मच्या पिना इतक्या ढिल्या आहेत की बकेट हलवली की खणखणाट होतो. कंपनीच्या पिना बंद आहेत. लेथवाला म्हणतो मापापेक्षा जाड पिन बनवून देतो, खेळ संपेल. देऊ का करायला?

उत्तर : नका देऊ. भोक झिजताना गोल झिजत नाही, ज्या बाजूला जोर येतो तिकडे लांबट होतं, त्यात जाड गोल पिन घातली तर ती दोन रेषांवर टेकणार आणि थोड्याच दिवसांत परत तेच. आधी मोजा, प्रत्येक भोक उभं, आडवं आणि दोन्ही तिरप्यांत, आणि कागदावर लिहा. बुश (पिनीभोवतीची बदलता येणारी नळी) झिजलाय की बुश ज्याच्यात बसतो ते आर्मचं घरच झिजलंय हे बघा. नुसता बुश झिजला असेल तर नशीबवान आहात, बुश काढून नवीन दाबायचा. घर झिजलं असेल तर लाइन बोअरिंग करावं लागेल, म्हणजे आत वेल्डिंगने भर घालून, दोन्ही कानांतून एकच बार टाकून दोन्ही भोकं एका रेषेत कापायची. हे काम मशीन उभी आहे तिथे पोर्टेबल बोअरिंग मशीन आणून होतं. एका बाजूचं एक आणि दुसऱ्या बाजूचं नंतर असं वेगवेगळं करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

पिन म्हणाल तर ती बंद झाली तरी काही बिघडत नाही, ती बनवून घ्यायचीच वस्तू आहे. ईएन१९ किंवा त्याच जातीचं ४१४० स्टील घ्या, वरून इंडक्शन हार्डनिंग, मग ग्राइंडिंग. पूर्ण आतपर्यंत कडक केलेली पिन नको, ती झिजत नाही पण एक दिवस काडकन तुटते, गाभा चिवट राहायला हवा. ग्रीसचं भोक आणि बुशच्या आतली ग्रीसची खाच जुन्या पार्टवरून तंतोतंत उतरवा, नवीन बनवणारे हमखास हे विसरतात, आणि विसरले की पिन कोरडी चालते. बुश बसवताना घणाने ठोकू नका, कडा फुलतात. लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, बुश आकसतो आणि हाताच्या जोराने आत सरकतो, अर्थात जाड हातमोजे आणि चष्मा घालून, आणि मोकळ्या हवेत, बंद खोलीत नायट्रोजन उघडायचा नाही. सरकवायला वेळ फार थोडा मिळतो म्हणून आधी कोरडी तालीम करा, ग्रीसचं भोक कुठे येणार त्याची खूण आधीच मारून ठेवा.

प्रश्न : १९९० च्या दशकातलीच मशीन, पण माझं दुखणं इलेक्ट्रॉनिक आहे. कंट्रोलर बॉक्स गेलाय असं मेकॅनिक म्हणतो, नवीन मिळत नाही. भंगारात काढू का?

उत्तर : खरं सांगायचं तर केबल आणि लिव्हरवर चालणारी १९७० ची मशीन वाचवणं ह्यापेक्षा सोपं, पहिल्या पिढीचे कंट्रोलर हेच पुढे सगळ्यांना छळणार आहेत. पण "कंट्रोलर गेलाय" हे निदान दहा ठिकाणी विचारून मग माना. आधी बॅटरी आणि चार्जिंगचं व्होल्टेज, मग बॉक्सपर्यंत पूर्ण २४ व्होल्ट येतात का, मग अर्थिंगच्या वायरी सोडून घासून परत आवळा, कनेक्टर उघडून हिरवट गंज बघा, सोलेनॉइडच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. एवढं सगळं बरोबर असेल तर बॉक्स उघडा. आत इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात, डब्यासारखे छोटे नळकांडे, ते वयाने सुकतात किंवा खालून पाझरतात आणि ते पाणी बोर्डच्या रेषा खातं. हे कपॅसिटर साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात, क्षमता आणि व्होल्टेज जुळवा, तापमानाचं रेटिंग १०५ अंशांचं घ्या. चांगला बोर्ड दुरुस्त करणारा माणूस शोधा, तो पोकलेनवाला असायची गरज नाही.

बोर्डवर एखाद्या चिपला स्टिकर लावलेला असेल तर तो काढू नका. जुन्या ईप्रॉम चिपला वरून काचेची खिडकी असते, स्टिकर ती झाकायला असतो, उन्हात उघडी राहिली तर आतला प्रोग्रॅम हळूहळू पुसला जातो. उलट बॉक्स उघडलाच आहे तर त्या चिपची कॉपी काढून ठेवा. बॉक्स चालू असला तरी काढून ठेवा. काही मॉडेलांत कंट्रोलर बंद पडला तर पंप ठरावीक जोरावर चालवायचा इमर्जन्सी स्विच असतो, तुमच्या मशीनला आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, निदान मशीन जागेवरून हलवता येईल.

प्रश्न : स्विंगच्या पिनियनचे (मोठ्या रिंगला फिरवणाऱ्या छोट्या गियरचे) तीन दात उडाले. गियर बनवणाऱ्याने मॉड्यूल (दातांच्या आकाराचं मेट्रिक माप) ५ म्हणून नवीन करून दिला, बसला पण घरघर आवाज येतो. मशीन ब्रिटिश, साठच्या दशकातली.

उत्तर : वर्ष आणि देश सांगितलात तिथेच उत्तर दिलंत. तो मॉड्यूल ५ नसणार, डीपी ५ असणार. इंचाच्या काळातले गियर डायमेट्रल पिचने, म्हणजेच डीपीने, कापायचे, २५.४ ला डीपीने भागलं की मॉड्यूल येतो, म्हणजे डीपी ५ चा मॉड्यूल ५.०८. वाटतं एवढासा फरक, पण हिशोब करून बघा. समजा ३० दात आहेत. साध्या गियरचा बाहेरचा व्यास म्हणजे दात अधिक दोन, गुणिले मॉड्यूल. मॉड्यूल ५ धरला तर १६० एमएम, डीपी ५ धरला तर १६२.५६. अडीच एमएमचा फरक, आणि हा व्हर्नियरवर स्पष्ट दिसतो, फक्त जुन्या गियरची टोकं झिजलेली असतात म्हणून माप कमी येतं आणि माणूस जवळचा गोल आकडा धरून मोकळा होतो. म्हणून झिजलेल्या पिनियनवरून नको, स्विंगच्या मोठ्या रिंगचे जे दात क्वचितच वापरात येतात तिथून माप काढा. प्रेशर अँगलही (दाताच्या उताराचा कोन) विचारा, आता सगळीकडे २० अंश चालतो, जुन्यात साडेचौदाही असायचा. शिवाय पिनियन काही वेळा मुद्दाम करेक्शन देऊन, म्हणजे दातांचं माप थोडं सरकवून, कापलेली असते, तेव्हा वरचा सरळ हिशोब जुळत नाही आणि अनुभवी गियर कटरच लागतो. तोवर हा गियर चालवू नका, पिनियन परत बनेल, रिंग गेली तर मशीन गेली.

हाच नियम ओतलेल्या पार्टला. तुटलेला ब्रॅकेट चिकटवून त्यालाच साचा म्हणून वापरला तर नवीन ब्रॅकेट लहान येतो, कारण बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं आणि स्टील २ टक्क्यांच्या आसपास. पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि जिथे मशीनिंग होणार तिथे वेगळी भर ठेवावी लागते. पॅटर्न मेकरला हे सांगायची गरज नसते, पण थ्रीडी स्कॅन करून फाइल पाठवणाऱ्या पोरांना असते.

प्रश्न : खूप जुन्या जॅकमध्ये एकावर एक व्ही आकाराच्या रिंगा निघाल्या, असं सील किट कुठेच नाही.

उत्तर : त्याला शेव्हरॉन पॅकिंग म्हणतात आणि ते आजही बनतं, रॉडचा व्यास, घराचा व्यास आणि पूर्ण थप्पीची उंची एवढी तीन मापं द्या. हव्या त्या मापाची सील लेथवर कापून देणारेही आहेत. मात्र रॉडवरचं क्रोम खवले पडलेलं असेल तर कितीही महाग सील घाला, रॉड तिला कापूनच काढणार, आधी रॉड ग्राइंड करून हार्ड क्रोम.

प्रश्न : रस्टन-ब्युसायरसची २२-आरबी, पोलादी दोरीवर (वायर रोपवर) चालणारी, उघड्यावर पडून होती ती आणलीय. कुठून सुरुवात करू? मॅन्युअल नाही.

उत्तर : तोंडाला चांगला मास्क बांधून. चेष्टा नाही करत. त्या काळच्या क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने हवा मारून धूळ उडवायची जी सवय असते ती इथे जिवावर येते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करून नियमाप्रमाणे टाका, आणि नवीन लायनिंग अॅस्बेस्टॉस नसलेलंच लावा. जुना रंगही कोरडा घासू नका, खाली शिशाचा शेंदरी प्रायमर असण्याची शक्यता मोठी, पेंट रिमूव्हरने ओलाच काढा. इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारू नका, सिलिंडरांत पातळ तेल सोडून मुरू द्या आणि लांब पान्याने हाताने मागेपुढे करत सोडवा. दोरी कितीही चांगली दिसली तरी ती बदलायची, गंज आतून असतो.

मॅन्युअलसाठी अमेरिकेत ओहायो राज्यात बोलिंग ग्रीनला हिस्टॉरिकल कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट असोसिएशनचं संग्रहालय आणि कागदपत्रांचा मोठा साठा आहे, तिथे लिहून विचारा. ब्युसायरसच्या घराण्यातल्या मशिनींची माहिती शोधायला ती चांगली जागा आहे. २२-आरबी ढिगाने बनल्या, त्यामुळे एकट्या तुमच्याच हातात आहे असं अजिबात नाही, दुसऱ्या मालकांशी ओळख करून घ्या, कुणाकडे तरी क्लचचे ड्रम पडलेले असतात.

प्रश्न : पार्ट्ससाठी त्याच मॉडेलची दुसरी मेलेली मशीन मिळतेय. घ्यावी का? घरचे वैतागलेत.

उत्तर : घरच्यांचं बरोबर आहे, पण घ्या. अट एकच, ती पूर्ण जोडलेली असली पाहिजे. कुणीतरी खोलून खोक्यांत भरलेली मशीन फुकट मिळाली तरी मला नको. तुटलेला पार्ट हातात असेल तर त्याचं माप मिळतं, ज्या जागी काहीच नाही तिथे काय होतं हे कळायला दुसरी अख्खी मशीन गाठावी लागते. घ्यायच्या आधी सिरीयल नंबर तुमच्या मशीनशी ताडून बघा, वर सांगितलं तसं मध्येच पंप आणि व्हॉल्व्ह बदललेले असतात. मग जे बनवून घेता येत नाही ते आधी उतरवा : मेन व्हॉल्व्ह ब्लॉक, स्विंगची रिंग, फायनल ड्राइव्हचं (मशीन चालवणाऱ्या शेवटच्या गियरबॉक्सचं) घर, कंट्रोलर, वायरिंगचा पूर्ण हार्नेस, केबिनच्या वाकलेल्या काचा. सपाट काच कुणीही कापून देईल, वाकलेली नाही. पिना, बुश, होज, सील ह्यांच्या मागे वेळ घालवू नका, ते नवीनच करायचं असतं.

उतरवलेल्या प्रत्येक पंप-व्हॉल्व्हची तोंडं त्याच दिवशी प्लास्टिकच्या बुचांनी बंद करा, चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात. आत तेल भरून ठेवा, वायरने पत्र्याचा टॅग बांधून त्यावर पार्ट नंबर पंच करा, मार्करचं अक्षर डिझेल लागलं की जातं. आणि बोल्ट ज्या भोकातून निघाले त्याच भोकात दोन आटे परत लावून ठेवा, वेगळ्या डब्यात टाकलेत की कुठला कुठचा ते कळत नाही.